जुन्या चेनसॉ: शोधणं, उघडणं आणि पुन्हा चालू करणं

प्रामाणिक लाकूडतोड्या

मंडळी, या मंचावर जुन्या स्कूटरवर धागे आहेत, कॅमेऱ्यांवर आहेत, हातघड्याळांवर तर विचारूच नका. जुन्या चेनसॉवर, म्हणजे दातेरी साखळी फिरवणाऱ्या इंजिनाच्या करवतीवर, एकही सापडला नाही, म्हणून काढतोय. दोन जणांनी वाचला तरी बास.

मी कॅनडाच्या पश्चिम टोकाला, व्हँकूव्हर बेटावर राहतो. हा सगळा मुलूख लाकडावर जगलेला. म्हातारा लाकूडतोड्या गेला, पोरांनी घर विकायला काढलं की गॅरेजमधला पसारा अंगणात मांडला जातो आणि टेबलाखाली एखादी पिवळी किंवा लाल चेनसॉ पडलेली असते. वर चिठ्ठी, 'चालते की नाही माहीत नाही'. भाव एका जेवणाइतका. मी त्या घेतो, उघडतो, चालू करतो. बायकोच्या भाषेत, भंगार आणून त्याचा आवाज करतो.

घेताना काय बघायचं? स्टार्टरची दोरी हातात धरायची आणि मशीन सावकाश लटकवायचं. अडत अडत खाली आलं तर कॉम्प्रेशन (सिलिंडरमधला दाब) आहे. धपकन आलं तर रिंगा गेल्या, नाहीतर पिस्टन. मग मालकाची परवानगी काढून मफलरचे दोन स्क्रू सोडवायचे आणि टॉर्च मारून एक्झॉस्ट पोर्टमधून (धूर बाहेर पडायच्या भोकातून) पिस्टन बघायचा. त्यावर उभे ओरखडे दिसले, की बहुतेक वेळा कोणीतरी ऑइल न मिसळता नुसतं पेट्रोल घातलेलं असतं. पिस्टन नितळ दिसला तर बाकी कशालाही घाबरायचं कारण नाही. बाहेरची घाण ही घाण नसून आवरण आहे. ऑइल आणि भुशाच्या त्या काळ्या लेपाखाली मूळचा रंग कधीकधी शोरूममधल्यासारखा निघतो.

आता या खेळण्यात एवढं काय आहे, ते सांगतो. अँड्रेआस स्टिलने १९२६ साली श्टुटगार्टला कंपनी काढली, आधी विजेवरची करवत केली आणि १९२९ मध्ये पेट्रोलवरची. वजन ४६ किलो, ताकद ६ हॉर्सपॉवर, चालवायला दोन माणसं. (त्याच्याच देशातला एमिल लेर्प १९२७ पासून स्वतःची ५८ किलोची करवत थुरिंगियातल्या डोलमार डोंगरावर तपासत होता आणि कंपनीला त्याने त्या डोंगराचंच नाव दिलं. पहिला कोण, यावर जर्मन लोक अजून भांडतात.) १९५० मध्ये स्टिलचीच एका माणसाने चालवायची बीएल आली, १६ किलोची. १९५९ मध्ये काँट्रा आली. ताकद पुन्हा तीच ६ हॉर्सपॉवर, वजन १२ किलो. तीस वर्षांत एक माणूस आणि ३४ किलो कमी झाले. प्रत्येक पायरीवर कुणा इंजिनियरने काय काढून टाकलं, हे तुमच्या बाकावर, तुमच्या पान्ह्याखाली बघायला मिळतं. काँट्रातून गिअरबॉक्सच गायब आहे, साखळी थेट क्रँकवरून (इंजिनच्या मुख्य दांड्यावरून) फिरते.

सध्या बाकावर सत्तरच्या दशकातली मॅकलक १०-१० आहे. ५४ सीसी, पिवळी, मॅग्नेशियमची बॉडी. करंट येत नाहीये. फोटो खाली देतोय.

माझा एकच नियम. चालू करायची, धार लावायची, वापरायची. रंगवायची नाही. यावर शिव्या द्यायच्या असतील तर स्वागत आहे.

नुसता वाचक

फोटो दिसत नाहीयेत. बाकी धागा वेगळाच! रुमाल टाकून ठेवतो.

कंटाळलेला इंजिनियर

मलाही नाही दिसत. गुगलवर टाकले असाल तर अल्बम सार्वजनिक करा.

एक शंका. सुरुवातीच्या करवतींचे जे फोटो मिळाले, त्यात बार (साखळी ज्या पट्टीभोवती फिरते ती) आडवा-उभा फिरवायला खाली काहीतरी सांधा दिसतो. तो कशाला?

प्रामाणिक लाकूडतोड्या

अल्बम उघडा केलाय, आता दिसावेत.

तो सांधा कार्ब्युरेटरमुळे. जुन्या मशीनला फ्लोटचा (पेट्रोलची पातळी राखणाऱ्या तरंगत्या गोळ्याचा) कार्ब असायचा, आपल्या स्कूटरला असतो तसाच. मशीन आडवं केलं की फ्लोट बिथरणार आणि इंजिन बंद. उभं झाड पाडायचं तर बार आडवा हवा, पडलेलं कापायचं तर उभा. मग इंजिन सरळच ठेवून नुसता बार फिरवायची सोय केलेली असे. पुढे डायाफ्रामचा कार्ब आला. त्यात फ्लोटच्या जागी पातळ पडदा असतो. क्रँककेसमधल्या दाबाच्या उघडझापीवर कार्बमधला छोटा पंप चालतो आणि पेट्रोल खेचतो. मशीन उलटं धरा, चालतंच. माणूस झाडाशी पाहिजे त्या कोनात उभा राहू लागला तो या नाण्याएवढ्या पडद्यामुळे. आणि जुनं मशीन बंद पडलेलं असतं तेही नव्वद टक्के याच पडद्यामुळे, कारण तो सुकून पत्र्यासारखा कडक होतो.

तात्या मिस्त्री

लाकूडतोड्या, करंट येत नाही म्हणजे प्लग बॉडीला टेकवून दोरी ओढलीस आणि ठिणगी नाही, असंच ना? मग घाबरू नकोस. मी कोल्हापुरात लुना, राजदूत, येझदी, बजाज यांच्यात जन्म घालवला. तुझं हे मशीन म्हणजे लुनाच आहे, फक्त चाकाच्या जागी दात.

कॉइल वाईट आहे असं पहिल्या दिवशी कोणी सांगितलं तर ऐकू नकोस. दहातल्या आठ वेळा कॉइल ठणठणीत असते. मॅग्नेटखाली, म्हणजे फिरत्या चुंबकाच्या चाकाखाली, पॉइंट असतील, करंट जोडणारे-तोडणारे दोन संपर्क. वर्षानुवर्षं पडून त्यांच्या तोंडावर राखाडी साय धरते आणि करंट तिथेच अडतो. मॅग्नेट काढ. पॉइंटच्या तोंडातून बारीक पॉलिश पेपर एकदा-दोनदा फिरव, जास्त नको. मग पेट्रोलने पूस. आणि शेवटी कोऱ्या व्हिजिटिंग कार्डाचा तुकडा मध्ये धरून ओढून काढ. कार्डावर काळी रेघ उमटली तर पुन्हा नवा तुकडा. रेघ उमटायची थांबली की पॉइंट स्वच्छ. बरीच पोरं पेपर मारून सोडून देतात, त्याची भुकटी आतच राहते आणि मग म्हणतात पॉइंट साफ केले तरी करंट नाही.

पॉइंटमधला गॅप किती द्यायचा ते तुझ्या मशीनच्या पुस्तकात आहे ना?

प्रामाणिक लाकूडतोड्या

तात्या, दंडवत! हो, पुस्तकात लिहिलाय, तोच धरतो.

मॅग्नेटचा नट सोडवायला क्रँक कसा अडकवायचा? इथे बरेच जण प्लगच्या जागी बसणारा धातूचा स्टॉपर वापरतात. मला पिस्टनच्या माथ्याची काळजी वाटते.

तात्या मिस्त्री

बरोबर वाटते. सुती दोरी घे, नाडीएवढी जाड. प्लगच्या भोकातून आत सोड, पिस्टन वर येऊन दोरीवर दाबला जाईल आणि क्रँक अडेल. पण एक सांगतो, आधी पिस्टन वर आणून एक्झॉस्ट पोर्ट झाकून घ्यायचा आणि मगच दोरी घालायची. नाहीतर दोरीचं टोक पोर्टमध्ये जातं, पिस्टन ते कापतो आणि तुकडा आत. मग बस दिवसभर चिमटा घेऊन.

तिकडच्या बाजूला क्लच असेल तो बहुतेक उलट्या आट्यांचा असतो. जोर लावायच्या आधी बाण बघ.

कंडेन्सर मूळचा मिळाला नाही तर साध्या मोटरसायकलचा लाव. ०.२ मायक्रोफॅरडच्या आसपास असला की झालं. आत मावला नाही तर बाहेर बांध, करंटला काय, तो कुठनंही जातो.

रंगारी

धागा छान, नियम चुकीचा. 😀

मी जुन्या स्कूटर रंगवतो, हाच धंदा आहे. रंग न देता 'मूळ अवस्थेत' ठेवणं ही हल्लीची फॅशन आहे. मशीन बनवणाऱ्याने ते पिवळंधमक बनवलं होतं ना? मग तीच त्याची मूळ अवस्था. भुशाने काळवंडलेलं, हँडलवरचा रंग उडालेलं मशीन म्हणजे निष्काळजीपणाचा पुरावा. तुम्ही जपताय तो इतिहास आहे की आळस?

प्रामाणिक लाकूडतोड्या

रंगारीबुवा, शिव्यांचं स्वागत म्हटलं होतं, तुम्ही तर प्रेमाने घेतलंत.

माझ्याकडची होमलाइट एक्सएल-१२ बघा, अल्बममधला निळा फोटो. साठच्या दशकातली, त्या काळी १२ पौंडांची म्हणून लोकांनी उचलून धरलेली. तिच्या पुढच्या हँडलवर डाव्या बाजूला एकाच जागी रंग गेलाय आणि खालचा धातू आरशासारखा झालाय. उजव्या बाजूला मात्र रंग शाबूत. म्हणजे चालवणारा जास्त वेळ आडवा काप घेत होता, मशीन कुशीवर धरून. ऑइलिंगचं बटण अंगठ्याने दाबायचं असतं, त्या बटणावरच्या खाचा गुळगुळीत झाल्यात. साखळीला तेल द्यायला तो विसरत नव्हता, हे त्या बटणावरून कळतं. बार बघितला तर तोही सरळ, कडा न पसरलेल्या. तुम्ही पावडर कोटिंग केलंत की हा माणूस पुसला गेला.

मॅग्नेशियमला बुरा लागलेला असेल, पापुद्रे निघत असतील, तर मीही तेवढ्यापुरता एच प्रायमर (धातूला किंचित खाऊन घट्ट धरणारं अस्तर) आणि रंग लावतो. ती दुरुस्ती झाली.

रंगारी

हँडलचं पटलं. बटणाचं जास्त पटलं. पण मग मशीन वापरूही नका, तुमच्या हाताने तो आरसा आणखी घासणार!

एच प्रायमरचं बरोबर बोललात, मॅग्नेशियमवर साधा प्रायमर धरत नाही. आणि सँड ब्लास्टिंग करणाऱ्याला आधी सांगा की हे अॅल्युमिनियम नाही. मॅग्नेशियमची बारीक भुकटी पेटते, आणि पेटली तर त्यावर पाणी ओतायचं नसतं, आग भडकते. कोरडी वाळू जवळ ठेवा.

कंटाळलेला इंजिनियर

+१. आणि बार किंवा साखळीचा गंज काढायला व्हिनेगरमध्ये बुडवतात, ती युक्ती बॉडीवर करू नका. आम्ल मॅग्नेशियम खातं. बुडबुडे छान दिसतात, पण ती बॉडी विरघळतेय.

अर्धवट डॉक्टर

थोडं अवांतर. 'चेनसॉचा शोध बाळंतपणासाठी लागला' असं फिरतं, त्यावर कोणीतरी येईलच, त्याआधी मीच येतो.

गोष्ट निम्मी खरी आहे. अठराव्या शतकाच्या अखेरीस जॉन एटकेन आणि जेम्स जेफ्रे या दोन स्कॉटिश डॉक्टरांनी बारीक दातांची, लवचिक साखळी वापरली. दोन्ही टोकांना मूठ, हाताने ओढायची. अडलेल्या बाळंतपणात जघनास्थीचा सांधा मोकळा करणं आणि किडलेलं हाड काढणं, अशी दोन कामं. १८३० मध्ये बर्नहार्ड हायने या जर्मन माणसाने ऑस्टिओटोम बनवलं. त्यात साखळी पट्टीभोवती फिरते आणि हँडल फिरवून चालते. ते चित्रात खरोखर चिमुकल्या चेनसॉसारखंच दिसतं. पण त्यापासून लाकडाच्या करवतीपर्यंत सरळ वंशावळ काढता येत नाही. मोटर लावलेलं धूड घेऊन कोणी प्रसूतिगृहात शिरलं नव्हतं, एवढं कृपया घरच्या ग्रुपवर सांगा.

नुसता वाचक

खिक्क! आमच्या ग्रुपवर कालच आला होता तो मेसेज.

रानभूल

मी रंगात भंग करणार आहे. सगळ्यांनी प्रेमाने लिहिलंय, माहितीही चांगली आहे. पण ज्या यंत्राने जंगलं संपवली, त्याच्या हँडलवरच्या चकाकीचं कौतुक वाचताना मला अस्वस्थ झालं. ४ ऑक्टोबर २०१९ च्या रात्री मी मुंबईतल्या आरे जंगलाच्या बाहेर रस्त्यावर होते. आतून येणारा तो आवाज अजून कानात आहे. दोन हजारांवर झाडं गेली. उद्या कोणी तसलं मशीन घासूनपुसून कपाटात ठेवून 'काय इंजिनियरिंग आहे' म्हणालं, तर मला काय वाटेल?

वैयक्तिक घेऊ नये.

प्रामाणिक लाकूडतोड्या

रानभूल, वैयक्तिक अजिबात घेत नाही. हा प्रश्न इथे राहून रोज समोर येतो.

व्हँकूव्हर शहरात स्टॅनली पार्क आहे. तिथे फिरताना सिडारचे अवाढव्य बुंधे दिसतात, दीड पुरुष उंचीवर कापलेले, आणि त्यांच्या अंगात जमिनीपासून वर दोन खाचा असतात, डोळ्यांसारख्या. त्या खाचांमध्ये फळ्या ठोकून दोन माणसं वर उभी राहायची, खालचा फुगलेला बुंधा चुकवण्यासाठी. कुऱ्हाड आणि दोघांनी ओढायची लांब करवत. हे काम एकोणिसाव्या शतकातलं, पेट्रोलची करवत कुणाच्या स्वप्नातही नव्हती. इथल्या किनारपट्टीचं कितीतरी जुनं जंगल असं हातांनी गेलं. आपल्याकडेही रेल्वेच्या स्लीपरसाठी सागवान गेलं ते कुऱ्हाडीनेच. जंगल संपवायला हाव पुरते, मशीन नसलं तरी चालतं.

म्हणून मशीन निर्दोष आहे असं मी म्हणत नाही. मी राहतो त्या बेटावर क्लेओक्वॉट साउंडला १९९३ च्या उन्हाळ्यात जुनं जंगल वाचवायला लोक रस्त्यावर बसले आणि ८०० हून जास्त माणसांना अटक झाली. माझ्या शेजारच्या म्हाताऱ्याने आयुष्यभर झाडं पाडली. त्याची बहीण तिकडे रस्त्यावर बसली होती. दोघंही नाताळला एकाच टेबलावर जेवतात.

रानभूल

बुंध्यांचं माहीत नव्हतं, धन्यवाद. पण तुम्ही माझाच मुद्दा पक्का केलात. कुऱ्हाडीने एक झाड पाडायला वेळ लागायचा. त्या वेळात बातमी पसरते, माणसं जमतात, कोर्टात कोणीतरी धावत जातं. आरेला स्थगिती आली ७ ऑक्टोबरला. तोवर झाडं राहिली नव्हती. हाव जुनीच आहे, मान्य. हा वेग नवा आहे, आणि तो वेग म्हणजेच तुमचा ४६ वरून १२ किलोचा प्रवास.

प्रामाणिक लाकूडतोड्या

याला उत्तर नाही माझ्याकडे. आहे तो मुद्दा तसाच राहू दे धाग्यात.

दापोलीकर

मी दुसऱ्या टोकावरून बोलतो. ३ जून २०२०, निसर्ग वादळ. आमच्या वाडीत नारळ, पोफळी, आंबा, फणस, सगळं आडवं. घरावर आंबा, रस्त्यावर आंबा, विजेच्या तारांवर आंबा. लॉकडाऊन चालू. त्या दिवसांत तालुक्यात आमदारापेक्षा कटरवाल्याला मान होता. त्याच्याकडे एकच मशीन, आणि साखळी बोथट झाली की तो ओसरीवर बसून कानस मारायचा. आम्ही सगळे भोवती उभे. कोणी चहा आणतंय, कोणी विचारतंय, 'झाली का हो?'

शंभर वर्षांचा आंबा कापताना माझे वडील आत जाऊन बसले, बघवेना म्हणाले. पण कापणाऱ्यावर किंवा मशीनवर राग नव्हता. असो. विषयाला धरून प्रश्न: कटरवाला प्रत्येक दाताला दोनच हात मारायचा आणि एक सोडून एक दात घ्यायचा. असं का?

तात्या मिस्त्री

सांग रे लाकूडतोड्या, हे मला पण नाही माहीत.

प्रामाणिक लाकूडतोड्या

दात आळीपाळीने डावे-उजवे असतात. आधी एका बाजूचे सगळे घासायचे, मग मशीन फिरवून दुसऱ्या बाजूचे. दोन्ही बाजूंना हात सारखेच मारायचे, नाहीतर एका बाजूचे दात लांब राहतात आणि काप तिरका जातो. म्हणून कटरवाला मोजून दोन. जाणकार दिसतोय.

या दातांचीच गोष्ट सांगायची राहिली होती. सुरुवातीच्या साखळीला हातकरवतीसारखे टोकदार, खरवडणारे दात असत. ते पटकन बोथट व्हायचे, आणि धार लावायला निम्मा दिवस. १९४६ मध्ये ओरेगनमधल्या जो कॉक्स नावाच्या लाकूडतोड्याने एका ओंडक्यात भुंग्याची जाडजूड अळी लाकूड खाताना पाहिली. ती लाकडाच्या रेषांच्या दिशेने जात होती, आडवी जात होती, तिला काही फरक पडत नव्हता. तिचे जबडे इंग्रजी सी अक्षरासारखे वळलेले, आणि ती डावीकडून-उजवीकडून आळीपाळीने खात होती. कॉक्सने पोलादात तसेच वळलेले दात केले आणि १९४७ मध्ये पोर्टलंडला घराच्या तळघरात साखळ्या बनवायला लागला. दापोलीच्या कटरवाल्याची साखळी असो की इथली, दाताचा आकार त्या अळीचा आहे. ओरेगन नावाने साखळी मिळते, ती त्यानेच काढलेली कंपनी.

नुसता वाचक

अळी! हा धागा वाचतच राहणार.

स्वीडनस्थ

इकडे हुस्कव्हार्नाला कंपनीचं संग्रहालय आहे, यॉनशॉपिंगला आलात तर बघा. १६८९ मध्ये बंदुकांचा कारखाना म्हणून सुरू झालेली कंपनी, मग शिवणयंत्रं, मग मोटरसायकली, आणि चेनसॉ थेट १९५९ मध्ये. एका दालनात सगळं ओळीने ठेवलंय. शिवणयंत्राशेजारी करवत बघून बायको म्हणाली, दोन्ही कापायचीच कामं.

लाकूडतोड्या, तुमच्या मशीनना चेनब्रेक (साखळी झटकन थांबवणारा ब्रेक) असतो का? इकडे त्याशिवाय कोणी हात लावू देत नाही.

प्रामाणिक लाकूडतोड्या

बऱ्याच मशीनना नसतो. स्टिलने क्विकस्टॉप ब्रेक आणला तो १९७२ मध्ये. माझ्याकडच्या बहुतेक त्याआधीच्या, नाहीतर ब्रेक न बसवता विकलेल्या. हँडल आणि इंजिन यांच्यात रबरही नाही. थरथर सरळ मनगटात. जुन्या लाकूडतोड्यांची बोटं थंडीत पांढरी पडायची, रक्तच पोचायचं नाही, तो आजार या थरथरीचा. साठच्या दशकाच्या मध्यापासून रबरावर टांगलेली हँडलं यायला लागली, ती त्यामुळेच.

म्हणून 'वापरायची' म्हणजे काय ते नीट लिहितो. मी ओंडका घोडीवर ठेवून दोन-चार चकत्या कापतो. झाडावर चढत नाही, झाड पाडत नाही. बारचं टोक, त्यातही वरचा पाव भाग, कशाला टेकू देत नाही. तिथेच दात अडकला की बार उसळून तोंडाकडे येतो, आणि ब्रेक नसलेलं मशीन तेव्हा थांबत नाही. पायाला चॅप्स (जाड संरक्षक आवरण), कानाला मफ, डोळ्याला जाळी. हिवाळ्याची लाकडं फोडायला नवं मशीन आहे. जुनं ते जुन्यासारखं.

कंटाळलेला इंजिनियर

पेट्रोलमध्ये तेलाचं प्रमाण काय घेता? मॅकलकच्या जुन्या पुस्तिकेत १६:१ (सोळा भाग पेट्रोलला एक भाग तेल) वाचलं आणि डोळे फिरले.

प्रामाणिक लाकूडतोड्या

ते त्या काळच्या साध्या खनिज तेलासाठी होतं. आजचं चांगलं टू-स्ट्रोक ऑइल असेल तर ३२:१ ला मला कधी अडचण आली नाही. काही जण ४०:१ वर चालवतात. मी म्हाताऱ्या बेअरिंगना थोडं जास्त देतो, धुराची किंमत मोजून.

ऑइलपेक्षा पेट्रोल महत्त्वाचं. इथेनॉलवालं पेट्रोल टाकीत ठेवून मशीन फडताळात टाकलं की कार्बचा पडदा आणि पेट्रोलची नळी दोन्ही जातात. काम झालं की टाकी रिकामी करायची आणि इंजिन बंद पडेपर्यंत चालवून कार्ब सुकवायचा. आपल्याकडे तर आता पंपावर ई२० (वीस टक्के इथेनॉलचं पेट्रोल) आहे, तुम्हाला जास्तच जपावं लागेल.

मॅकलकवरून आठवलं. कंपनीचा मालक रॉबर्ट मॅकलक याने १९६८ मध्ये लंडन ब्रिज विकत घेतला, २४ लाख ६० हजार डॉलरला. दगड सुटे करून अॅरिझोनाच्या वाळवंटात लेक हवासू सिटीत नेले आणि पूल पुन्हा उभा केला. १९७१ मध्ये तो खुला झाला. चेनसॉ विकून आलेला पैसा! जुनं जमवण्याचा नाद म्हणतात तो हा, आमचं काय घेऊन बसलात.

रंगारी

आणि पूल त्याने रंगवला का?

प्रामाणिक लाकूडतोड्या

😀 दगडी आहे हो.

तात्या, रिपोर्ट देतो. मॅग्नेट निघाला. दोरी पोर्ट झाकून घातली, काही कापलं गेलं नाही. पॉइंटवर तुम्ही म्हणालात तशीच राखाडी साय. कार्डावर तिसऱ्या तुकड्यापर्यंत काळी रेघ येत होती. पुस्तकातला गॅप धरला. निळी ठिणगी, दिवसाउजेडी दिसेल अशी. कार्ब उघडला, पडदा खडखड वाजत होता, नवा घातला. सुरू झाली. पण गरम झाल्यावर थ्रॉटल सोडला की आरपीएम खाली यायच्या ऐवजी वरच तरंगतो, मग हळूहळू उतरतो.

तात्या मिस्त्री

लगेच बंद कर! एअर खेचतंय कुठूनतरी. मिश्रण पातळ होतं, आतून तापतं आणि पिस्टन धरतो. कार्बचा स्क्रू फिरवून आवाज सुधारायचा नाद करू नकोस, तो स्क्रूचा दोष नाही. क्रँकची ऑइल सील बघ, दोन्ही बाजूंची. इतक्या वर्षांत रबर कडक झालं असणार.

प्रामाणिक लाकूडतोड्या

मलाही सीलचाच संशय. मफलर आणि कार्बच्या तोंडाला रबर लावून आत अर्धा बार (इथे बार म्हणजे दाबाचं माप) हवा भरून बघतो. साबणाचं पाणी लावलं की बुडबुडा कुठे येतो ते कळेल. नुसती हवा भरून भागत नाही, उलट खेचूनही बघावं लागतं, कारण काही सील आतून दाब दिला की ओठ घट्ट दाबून बसते आणि निर्वातात मात्र उघडते.

तात्या मिस्त्री

हे उलट खेचायचं आम्ही कधी केलं नाही. आम्ही आवाजावर ओळखायचो. पण बरोबर आहे.

जुना बाजार पुणे

नमस्कार, आयडी जुना पण प्रतिसाद पहिलाच. रविवारी जुन्या बाजारात एक लाल होमलाइट दिसली, बारसकट, साखळी नाही. विकणारा म्हणतो जहाजावरून आली. नाव वाचता येतं, मॉडेलची पट्टी नाही. दोन हजार सांगतोय. घ्यावी का? भाग कुठे मिळणार? स्टिलची कंपनी तर पुण्यातच आहे, पण ते होमलाइटला काय करणार.

प्रामाणिक लाकूडतोड्या

कार्बचं किट मिळेल. टिलॉट्सन किंवा वालब्रोचा कार्ब असेल, नाव कार्बच्या अंगावर कोरलेलं असतं. त्यांची किट अजून बनतात आणि पाकीट छोटं असल्याने टपालाने सहज येतं. पॉइंट, कंडेन्सरचं तात्यांनी सांगितलंच. सील मापावर मिळते, आतला व्यास, बाहेरचा व्यास आणि जाडी मोजून बेअरिंगच्या दुकानात जा. अडेल ते साखळीवर. बारच्या खाचेची रुंदी आणि स्प्रॉकेटचा (साखळी फिरवणाऱ्या दातेरी चाकाचा) पिच, म्हणजे साखळीच्या कड्यांचं माप, बघा. ३/८ किंवा .४०४ इंच असेल तर साखळी आजही मिळते. अर्ध्या इंचाचा जुना पिच निघाला तर ती भिंतीवर टांगायची वस्तू झाली.

किमतीचं तुम्हीच बघा, मला पुण्याचा भाव कळत नाही.

तात्या मिस्त्री

दोन हजार काय, बाराशे म्हण आणि चालायला लाग, मागून हाक येते.

पण पैसे द्यायच्या आधी दोरी धरून लटकव. आणि खिशात स्क्रू ड्रायव्हर घेऊन जा, मफलर सोडवून पिस्टनचा फोटो इथे टाक. विकणारा सोडवू देत नसेल तर समजून जा.